पाच वाजून दहा मिनिटं

तुमच्या खोलीत म्हणे दोन घड्याळं लावली आहेत, एक तुमच्या तिकडच्या गावचं आणि एक आपल्या कोल्हारचं, अवेळी फोन करून आजीची झोप मोडू नये म्हणून. तुमच्या आईने हे सांगितलं तेव्हा मी हसले. दोन घड्याळांच्या अशाच घोळात मी माझ्या आईला, म्हणजे तुमच्या पणजीला, दोन हिवाळे थंडीत उभं केलं होतं. ते आता नीट लिहून ठेवते.

पृथ्वीचे फोटो काढणारे उपग्रह ज्या खोलीतून चालवतात तिथे मी नोकरी केली. उपग्रह आमच्या अँटेनाच्या टप्प्यात आला की दहा-बारा मिनिटं मिळत. तेवढ्यात त्याची बॅटरी किती भरली आहे, अंग किती तापलं आहे, तोंड कुठे वळलं आहे हे बघायचं आणि पुढच्या फेरीचे आदेश द्यायचे. आदेश देण्याची रीत ठरलेली होती. मी तो मोठ्याने वाचायचा, शेजारच्याने पडद्यावर बघून परत वाचायचा, आणि मी 'बरोबर' म्हटलं की मगच तो वर जायचा. पडद्याकडे न बघता 'बरोबर' म्हणणाऱ्याची खैर नसे.

खोलीतला सगळा हिशेब ग्रीनिचच्या वेळेवर चाले, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. माझं मनगटी घड्याळही मी त्याच वेळेवर ठेवी. घरी भाजी टाकताना मनातल्या मनात साडेपाच मिळवायची इतकी सवय झाली होती की मिळवते आहे हेही कळत नसे.

एका सुट्टीत कोल्हारला गेले तेव्हा आईने विचारलं, "तुजं ते आपल्या गावावरून कवा जातं?" मी म्हटलं, "रोज सकाळी. कधी थोडं पूर्वेला, कधी पश्चिमेला, पण वेळ साधारण तीच." तिने पेन्सिल आणून दिली आणि मी कपाटाच्या दारावर ठळक आकडे लिहिले: ५.१०. कामाच्या खोलीत माझा आकडा परत वाचायला शेजारी माणूस असायचा. घरी तसं कोणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पौषात वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमच्या आईला तुमीच सांगा बाई. आमचं कोन ऐकतंय? खोकून खोकून बेजार झाल्यात, तरी पाच वाजता अंगनात हुभ्या."

"पहाटे पाचला? कशाला?"

"कशाला म्हंजी? तुमीच लिवून दिलंय की! पाच धा. तुमचा तारा बगत्यात. हात बी करत्यात त्याला."

मी मनगटाकडे बघितलं आणि खुर्चीत बसले. आपल्याकडे पाच दहा म्हणजे काळोख. माझा उपग्रह कोल्हारवरून जायचा तो दहा चाळीसला, भर उन्हात, कुणालाच न दिसता.

मी रजा घेतली. वाटेत एकच विचार. सांगितलं तर ती पांघरुणात राहील, खोकला बरा होईल. पण ऐंशीच्या घरातल्या बाईने दोन वर्षं जिच्यासाठी अंथरूण सोडलं ती गोष्टच तिच्याकडून जाईल, आणि चूक तर माझी. फोनवर सांगता आलं असतं. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या शेजारी शाल घेऊन उभी राहिले. गोठ्यात वहिनी धार काढत होती. थोड्या वेळाने उत्तरेकडून एक ठिपका निघाला, न लुकलुकता, सरळ रेषेत. पहाटे असे कितीतरी दिसतात. सूर्य अजून खाली असतो, पण त्यांच्यापर्यंत त्याचं ऊन पोचलेलं असतं.

आईने हात वर केला. "ह्योच ना?"

मान हलवली असती तर काम झालं असतं. पण मला ते जमेना.

"नाही आई. हा माझा नाही. माझा दहा चाळीसला जातो. मी तुला आमच्या कामावरची वेळ लिहून दिली, गावातली नाही. चुकलं माझं."

ठिपका प्रवरा नदीच्या अंगाला जाईपर्यंत ती बघत राहिली. हात खाली घेतला नाही.

"आसू दे," ती म्हणाली. "कुनाच्या तरी लेकीचाच आसंल की त्यो. तिच्या आईला कुटं ठावं आसंल ह्यो हिकडून जातोय?" मग खोकली, आणि मला म्हणाली, "शिकून सवरून तुला घड्याळ येत न्हाई व्हय गं?"

गोठ्यातून वहिनीचं हसू ऐकू आलं.

दहाच्या सुमाराला तिने अंगणात पोतं अंथरलं आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसली. ऊन छान पाठीवर येत होतं. निघण्याआधी त्या आठवड्याच्या नेमक्या वेळा मी वहीत उतरवून आणल्या होत्या. त्या दिवशीची वेळ दहा बेचाळीस. आईने दोनदा विचारलं, "झाली का येळ?" वेळ झाली तशी मी खूण केली. डोळ्यांवर हात धरून तिने वर बघितलं. नुसतं निळं आभाळ.

"काई दिसत न्हाई."

"दिसणार नाही."

"पर हाय ना? आत्ता, हितं, आपल्या डोक्यावर?"

समोर पडदा नव्हता, शेजारी परत वाचणारं कोणी नव्हतं.

"बरोबर," मी म्हटलं.

तिने शेंगांनी हिरवे झालेले हात पदराला पुसले आणि त्या रिकाम्या आभाळाला सावकाश हात केला. मग वहिनीला हाक मारून म्हणाली, "कपाटावरलं पुसू नगंस गं. खाली ह्ये नवं लिव. पहाटंचा बी सोडायचा न्हाई, पर थंडी सरल्यावर."

दोन्ही आकडे अजून त्या दारावर आहेत. वरचे माझ्या अक्षरात, खालचे वहिनीच्या.