पाण्यावर उतरणारं विमान

दुसरं मोठं युद्ध पेटायच्या थोडं आधीची गोष्ट. शहाद्याच्या जिनाचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, शेठ कापसाच्या कामासाठी विलायतेला गेले, तेव्हा इंग्रजी पत्रव्यवहाराला म्हणून आमच्या ह्यांनाही सोबत नेलं. गेले बोटीने, परतणार होते विमानाने, कराचीपर्यंत. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विमान मी पाहिलेलं नव्हतं, पण त्याला चाकं असतात एवढं सासऱ्यांनी सांगितलं होतं, आणि चाकांवर माझा विश्वास होता. बैलगाडी उलटली तरी माणूस धूळ झटकून उठतोच की.

मग एका सकाळी सासरे ओट्यावर वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाले, "कंपनीनी इमान बदलं. आते चाकं नही शेत, खाले नाव शे. पानीमाच उतरस."

तव्यावरची भाकर जळाली. ह्यांना पोहता येत नव्हतं. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडताना हे नावेचा काठ दोन्ही हातांनी धरून बसायचे, डोळे मिटून. आता आभाळातून थेट पाण्यात? आणि तेही एकदा नव्हे. जिथे मुक्काम तिथे पाणी.

मग मी अक्कल चालवली. आमच्याकडे बायका आधी तापीची ओटी भरतात, नारळ सोडतात, मगच नावेत पाय ठेवतात. ह्यांच्या वाटेवरच्या पाण्याची ओटी कोण भरणार? शेठ तर नक्कीच नाही. तेव्हा तापीचीच भरायची आणि पुढे निरोप द्यायला सांगायचं. ती सुरतेकडे समुद्राला मिळते, समुद्र सगळीकडे जातो. केवढी हुशार होते मी!

सासूबाईंना घेऊन गाडीने प्रकाशाला गेले. ओटी भरली, नारळ सोडला, निरोप सांगितला. नारळ थोडा पुढे गेला, फिरला आणि परत माझ्या पायाशी आला. नदीने ओटी नाकारली. पुन्हा ढकलला, पुन्हा आला.

"ऱ्हाऊ दे वं," सासूबाई म्हणाल्या, "तठे पानी फिरस."

ऐकते कोण. नारळ छातीशी धरून मी धारेकडे निघाले आणि शेवाळावरून पाय सटकला. नाकातोंडात पाणी गेलं. सासूबाईंनी वेणीला धरून ओढलं. पाणी कमरेइतकंच होतं, हे उभी राहिल्यावर कळलं.

"त्याले पवता येस नही म्हनीसन रडस," त्या म्हणाल्या, "आनि बुडी ऱ्हायनी तू."

कराचीहून सुखरूप असल्याची तार आली, तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. तार काय, कोणीही करतं. नंदुरबारला रेल्वेतून उतरून हे घरी आले, तेव्हा मी आधी त्यांचे बूट पाहिले. कोरडे होते.

पाण्याचा तांब्या देताना हळूच विचारलं, "पानीमा उतरतांना तुमले भ्याव वाटनं का?"

"काय माहीत," हे म्हणाले. "माले झोप लागी गयथी. शेठनी उठाडं."

त्या माणसाशी मी दिवेलागणीपर्यंत बोलले नाही.