रिम पंधराची, कातळ तोच

समजा, गाडीची चाकं तुम्हाला स्वतः बदलायची आहेत. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. उलटं केलंत तर चाक हवेत गरगर फिरतं, नट हलत नाही. मोठी चकचकीत रिम उतरवायची, तिच्या जागी दोन इंचांनी लहान, काळी, लोखंडी रिम चढवायची. हे करताना बघायला कोणी नसेल तर उत्तम. हरेशच्या अंगणात अख्खा पाडा जमला होता.

गाडी हरेशने कल्याणहून जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने सतरा इंची चाकं टाकली होती. त्यांचे टायर इतके पातळ, की शहापूर-मुरबाड रस्त्यावर खड्ड्यात आदळले की कडेला फाटत. दुसरा फाटल्यावर हरेश मुरबाडच्या टायरवाल्याकडे गेला. सगळ्यात स्वस्त म्हणून आधी चौदा इंची लावून पाहिली. ती आत ब्रेकला अडली, फिरेचना. पंधरा बसली. जाड टायर चढवून, बसवायची मजुरी वाचावी म्हणून, चारही चाकं तो घरी घेऊन आला.

"गाडी खाली बसली रे तुझी," शेजारचे सावळाराम काका म्हणाले.

"नाय बसली. रिम लहान झाली, टायर जाड झाला. उंची तीच."

"मंग बदललीस कशाला?"

हरेशने टेप लावून उंची दाखवली. काका म्हणाले, चष्मा घरी राहिलाय.

काकांचा संशय उगाच नव्हता. हरेशच्या घराकडे चढणाऱ्या वाटेत मधोमध एक कातळ जमिनीतून वर आलेला आहे. गाडी त्याच्यावरूनच काढावी लागते. आणि सोमवारी हरेशची आई लहानी गुडघ्याचं ऑपरेशन करून शहापूरहून घरी यायची होती. चढ चालायला डॉक्टरांची मनाई होती. चौघांनी खांद्यावरून न्यायच्या डोलीला तिची स्वतःची मनाई होती.

"डोलीत मी नाय बसनार," तिने सांगून ठेवलं होतं. "डोलीतून गेलेली मानसं मी बघितल्यात."

हरेश एकट्याने गाडी कातळावरून नेऊन आला. खाली चार बोटं जागा राहिली. जुन्या चाकांवरही तेवढीच राहायची. तो निर्धास्त झाला. जुनी चाकं कल्याणचा एकजण घेऊन गेला.

सोमवारी तो आईला आणायला निघाला. आजारी माणसाला आणायला एकट्याने जात नाहीत, म्हणून बहीण शकू बसली, तिची जाऊ रुपा बसली आणि पुढच्या सीटवर काका बसले. परतताना गाडीत पाच जण होते. कातळावर गाडी आली आणि पोटाखाली खर्रकन आवाज झाला.

"चाक," काका म्हणाले.

हरेशने गाडी मागे घेतली आणि तिघांना उतरायला सांगितलं.

"मी बी उतरू?" लहानीने विचारलं.

"तू बस, आये."

गाडी निघाली. कातळ आवाज न करता मागे गेला. दारात शकूने आईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसरा तुकडा तिने गाडीवरूनही ओवाळला.

"भावजी एकटे उतरले असते तरी भागलं असतं," लहानी म्हणाली.

भावजी म्हणजे काका. त्यांनी ऐकलं नाही. ते पाड्यात सांगत होते, की मोठ्या चाकांवर गाडी एकदाही घासली नव्हती. हे खरं होतं. मोठ्या चाकांवर पाच माणसं एकदाही बसली नव्हती, हेही खरं होतं.

हरेशने टेपची मापं पुन्हा ताडून पाहिली. फरक नखाएवढाही निघत नाही. पण चाकं आता कल्याणला आहेत आणि कातळ इथे. भेटेल त्याला तो अजून विचारतो: हीच पाच माणसं त्या चाकांवर बसली असती, तर गाडी घासली असती की नाय?