विळीला बंदी

मी एका मुलीच्या थोबाडीत मारली आहे. डाव्या हाताने जन्मापासून अधू असलेल्या मुलीच्या. हे आधीच सांगून टाकते, मागाहून कळलं तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. माझं डोकं सटकतं, आणि ते लहानपणापासून सटकतं. आमच्या घरी आईचा हात चालायचा. गिरणी बंद पडल्यावर वडिलांचाही चालायला लागला. भाकरी जरा वाकडी झाली की आईचं ‘डोळे फुटले काय गो तुझे’ आणि पाठीत उलथनं, दोन्ही एकदमच यायचं. मार खाल्ल्याशिवाय माणूस शिकत नाही असं मी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण पोटात तेच होतं.

कांजूरमार्गला एका संस्थेत मी स्वयंपाक शिकवते. अठराच्या पुढची मुलंमुली, आठ जणांचा वर्ग. कुणाला दिसत नाही, कुणाची समज कमी, कुणाचे हातपाय साथ देत नाहीत. दहा ते चार. वारा फिरला की डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास आत येतो, मग आम्ही लसूण जरा जास्तच परततो. चार महिन्यांनी परीक्षा असते. संस्थेच्या मॅडमसमोर एकट्याने चिरायचं, फोडणी द्यायची, भाजी-चपाती करून दाखवायची. जो पास होईल त्याला संस्थेच्याच डब्यांच्या स्वयंपाकघरात काम. जो नापास होईल त्याचं नाव कमी, कारण बाहेर दुसरी मुलं नंबर लावून असतात.

वर्गाचा एक नियम मी स्वतः केला होता. विळी आणायची नाही. ओट्याशी उभं राहायचं, सुरी आणि लाकडी फळी घ्यायची आणि चिरायचं. एखादं पोर त्या उघड्या पात्यावर पडलं तर काय करणार, असं मी मॅडमना म्हटलं होतं, आणि त्यांना ते लगेच पटलं. मलाही स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

ती मुलगी वीस वर्षांची. डावा हात कोपरात दुमडलेला, मूठ कायम मिटलेली. डावा पाय जरा ओढत चालायची. बोलणं जड, पण डोकं एकदम तल्लख. पहिल्या दिवशी तिची आई सोडायला आली. कुठल्याशा ऑफिसात हाउसकीपिंगला जाणारी बाई, कामाला उशीर होत होता म्हणून दारातच उभी राहून बोलली.

“बाई, हिचा मोठा भाऊ आहे. रात्रपाळी करतो, दिवसा घरी असतो. ही नजरेसमोर आली की त्याचा हात उठतो. मी काही करू शकत नाही. दहा ते चार तुमच्याकडं राहू दे. तेवढं नाव कमी करू नका.”

“शिकली तर राहील,” मी म्हटलं. असं तोडून बोलायची मला सवयच आहे.

शिकायचं तर सुरीपाशीच अडलं. उजव्या हातात सुरी, मग कांदा धरायचा कशाने? डावी मूठ त्यावर टेकवली की कांदा सटकायचा आणि थेट जमिनीवर. मी ओरडायचे, “हात उघड.” ती उघडायचा प्रयत्न करायची आणि मूठ आणखीनच आवळली जायची. घाबरलं की अशी मूठ घट्ट होते, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तरी रोज सकाळी तेच. हात उघड, हात उघड. बाकीची मुलं माझी नक्कल करायला लागली होती.

परीक्षेला दहा दिवस उरले होते. त्या दिवशी तिसऱ्यांदा कांदा पडला आणि माझं डोकं फिरलं. मी तिची मूठ धरली, एकेक बोट ओढून उघडलं, आणि तो हात कांद्यावर दाबला. माझ्या हाताखाली तिची बोटं थरथरत होती. “नको बाई, दुखतंय,” ती म्हणाली. मी आणखी जोर लावला. तिने अंग झटकलं. उजव्या हातात सुरी होती, ती माझ्या दंडाखाली चार बोटं लांब फिरली. रक्त फळीवर, कांद्यावर, तिच्या ओढणीवर.

मी हात उगारला आणि पूर्ण ताकदीने तिच्या थोबाडीत मारली.

ती ओट्यावर आदळली, स्टीलच्या ताटल्यांची चळत खाली आली. आमच्या वर्गात एक उंच मुलगा आहे, त्याला आवाज सहन होत नाही. तो भिंतीच्या टाइल्सवर कपाळ आपटायला लागला, एकसारखं. न दिसणारी मुलगी हातात गरम तवा धरून विचारत होती, कोण पडलं, कोण पडलं. मदतीला असणाऱ्या मावशी त्या मुलाच्या कमरेला मिठी मारून त्याला मागे खेचत होत्या, आणि तो त्यांनाही कोपराने हाणत होता. आणि ती मुलगी ओट्याखाली शिरली होती. गुडघे पोटाशी, चांगला हात डोक्यावर. रडत नव्हती. नीट जागा करून बसली होती, दुसऱ्या फटक्याची वाट बघत. तिच्या अंगवळणी पडलेलं होतं ते.

ते बघून माझा राग उतरायला हवा होता ना? नाही उतरला. मी हाताला फडकं गुंडाळलं, फाइल काढली आणि घरचा म्हणून जो नंबर लिहिला होता त्यावर फोन लावला. तो भावाचा होता.

“तुमची बहीण अंगावर येते. सुरी मारली तिने मला. घेऊन जा तिला.”

पंधरा मिनिटांत तो आला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं अगदी मऊ. “सॉरी मॅडम. बघतो मी तिच्याकडं.” बघतो म्हणजे काय, ते मला कळत होतं. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी बाजूला झाले. त्याने तिला त्या दुमडलेल्या हातालाच धरलं आणि जिन्यावरून ओढत नेलं.

दवाखान्यात सात टाके पडले. मॅडमनी झाला प्रकार लेखी मागितला. मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीने सुरीने हल्ला केला.’ एकच ओळ. तिची बोटं मी ओढली ते नाही, मारलं तेही नाही. मावशींनी विचारलं, “सगळं लिहिलंत ना बाई?” मी म्हटलं, “लिहिलं.” त्या दिवसापासून माझा चहा त्यांनी करायचा बंद केला.

चार दिवस ती आली नाही. आईचा फोन बंद. पाचव्या दिवशी मावशी म्हणाल्या, “तुम्ही जाता की मी जाऊ?” दुपारी मी पत्ता शोधत गेले. झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत, सहावा मजला, लिफ्ट बंद. दार उघडंच होतं. भाऊ खाली कुठे गेला होता.

ती जमिनीवर बसली होती. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. समोर विळी. उजवा पाय विळीच्या पाटावर घट्ट रोवलेला, आणि उजव्या हातात कांदा. तो ती पात्यावर ढकलत होती, फिरवत होती, पुन्हा ढकलत होती. पातं जागचं हलत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या हाताची गरजच नव्हती. परातीत कांदा पडत होता, इतका बारीक की मला दोन हातांनी जमला नसता. बाजूला बोंबील साफ करून ठेवले होते, डोकी, पर सगळं काढून. मी दारातच उभी राहून बघत होते.

ती थांबली नाही. “अर्ध्या तासात जेवायला बसतो तो,” म्हणाली.

“रोज तूच करतेस?”

“आई कामाला लागली तेव्हापासून. दहा वर्षांची असेन.”

“मग मला सांगितलं का नाहीस गं?”

“तुम्ही विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, हात उघड.” तिने परात पुढे सरकवली. “मीठ जास्त झालं की ताट तोंडावर फेकतो. म्हणून माझं मीठ चुकत नाही.”

चार महिने मी ज्या मुलीला कांदा चिरायला शिकवत होते, ती दहा वर्षं घर जेवू घालत होती. माझ्या नियमामुळे नापास होणार होती, आणि नापास झाली की चोवीस तास इथेच. मी तिला म्हटलं, ऊठ, चल.

तेवढ्यात भाऊ वर आला. “काय झालं मॅडम, तुमचीच कम्प्लेंट होती ना?” म्हणाला आणि परातीला लाथ घातली. कांदा भिंतीभर उडाला. तो तिच्या केसांकडे हात न्यायला लागला तशी मी मध्ये घुसले. त्याने मला ढकललं, टाक्यांचा हात दाराच्या कडेवर आपटला, आणि मी किंचाळले. आमच्या चाळीत शिकलेल्या सगळ्या शिव्या बाहेर आल्या. एकेक दार उघडलं. पॅसेजमध्ये माणसं जमली, कुणी पुढे आलं नाही, पण त्यांच्यासमोर त्याचा हात खाली आला. मी तिचा उजवा हात धरला आणि आम्ही सहा मजले उतरलो. तिचा पाय ओढत होता, माझ्या टाक्यांतून रक्त येत होतं.

तशीच मी मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, हिला परीक्षेला विळी द्या.

“हल्ला करणाऱ्या मुलीच्या हातात विळी?” त्यांनी फाइल उघडून माझीच ओळ दाखवली. “नाव कमी करायचं ठरलंय. फक्त सही बाकी आहे.”

मग मी दुसरा कागद मागून घेतला. बोटं ओढून उघडली ते लिहिलं, मारलं ते लिहिलं, भावाला फोन करून तिला त्याच्या तावडीत दिलं तेही लिहिलं. मॅडम म्हणाल्या, “यात तुमची नोकरी जाईल.” मी म्हटलं, जाऊ दे. खरं सांगायचं तर घाबरले होते. पण त्या भावाकडे तिला परत पाठवायची भीती जास्त होती.

भावाविरुद्ध पोलिसांत तक्रार करायला आई तयार होईना. शेवटी मॅडमनीच केली. मुलीला घाटकोपरला तिच्या आत्याकडे ठेवलं, आणि तिचं नाव राहणार की जाणार, हे परीक्षेच्या दिवशी ठरवायचं म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मॅडमच्या परवानगीने वर्गात पहिल्यांदा विळी आली. मावशींनी घरून आणली होती. मुलगी खाली बसली, कांदा चिरला, बटाटे चिरले, कोथिंबीर मुठीत धरून सरसर उतरवली. फोडणी दिली. चपात्या एका हाताने लाटल्या, पोळपाट भिंतीला टेकवून. मॅडमनी भाजी चाखली आणि मीठ पुन्हा घेतलं नाही. मग त्यांनी तिला समोर बसवलं. मीही तिथेच होते, माझा निकालही त्याच टेबलावर होता.

“तू पास आहेस,” मॅडम म्हणाल्या. “कामही मिळेल. फक्त एक सांग, घाबरू नकोस. या बाईंच्या हाताखाली राहायचं नसेल तर मी आजच यांना काढते. तू म्हणशील तसं.”

तिने विळीचं पातं फडक्याने पुसलं, मिटवलं, बाजूला ठेवलं.

“ह्याच असू देत.”

“अगं, यांनी मारलं ना तुला?”

“मारलं.” ती मॅडमना समजावून सांगत होती, हळूहळू, एकेक शब्द जुळवून. “पण एकदाच मारलं. मी खाली बसले, मग नाही मारलं. थांबल्या.”

माझ्या निकालाचा कागद पुढे ओढून मॅडमनी पेन उघडलं, पण बराच वेळ सही केली नाही. मला तिच्याकडे बघता येईना. ती मात्र माझ्यासाठी वाटीत भाजी काढत होती.