निळ्या मखमलीची खुर्ची

खिळेमामा सोफे दुरुस्त करत असला की त्याला बोलायला लावू नये, हे अख्ख्या गल्लीला माहीत. तोंडात मूठभर बारीक खिळे. एकेक जिभेने ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. बोलणार कशाने, कपाळाने? पण गेले काही दिवस दुकानाला कुलूप आहे, तोंड रिकामं आहे, आणि तरीही त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

बायको दवाखान्यात आहे. ताप उतरायचं नाव घेत नाही, डोकं ठणकतंय, अंग ठेचल्यासारखं दुखतंय. आज सकाळी मनगटांवर आणि तळहातांवर लाल ठिपके उठले, तेव्हा डॉक्टरीणबाई तिचा हात खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"कुत्र्यांच्या गोचिड्या चावून असा ताप येतो. काकू, घरात कुत्रं आहे का?"

"शी! मी कुत्र्याला उंबऱ्यावर उभं करत नाही," बायको तापातही फणकारली.

"काका, खरं ना?"

मामाने मान हलवली. खोटं कुठे होतं त्यात? कुत्रं घरात नव्हतंच मुळी. दुकानात होतं.

गल्लीतली एक भटकी कुत्री, पोट खपाटीला गेलेली. कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेली एक उंच पाठीची खुर्ची तिने बळकावली आणि सगळा हिवाळा त्यातच मुक्काम ठोकला. तिला हाकलायला मामाचा जीव होईना. तिच्या कानामागच्या टपोऱ्या गोचिड्या तो चिमट्याने उपटायचा. पण उपटून उपटून किती उपटणार?

मग एक दिवस बायको कंबर धरून म्हणाली, "जन्मभर लोकांच्या बुडाखाली मऊ घातलंत. मला मात्र हा लाकडी पाट!" ते मामाला फार लागलं. त्याने तीच खुर्ची घासूनपुसून काढली, पॉलिश मारलं, निळं मखमली कापड चढवलं. आतला फोम दाबून बघितला, दोनदा झटकला. चांगला तर आहे, कशाला फेकायचा, असं म्हणून तो तसाच राहू दिला. खुर्ची घरी आली तेव्हा बायको हरखली. "अगंबाई, माझ्यासाठी?" त्या दिवसापासून तिचं शिवणटिपण, भाजी निवडणं, दुपारची डुलकी, सगळं त्याच खुर्चीत.

आता बाईंच्या तोंडून गोचिड्या ऐकल्या आणि मामाला ती खुर्ची आठवली. धुतलेली चादर आणतो म्हणून तो तडक घरी गेला आणि खुर्ची उलटी केली. खालचं काळं कापड टरकन फाडलं. आतल्या पट्ट्यांच्या शिवणीत, लाकडाच्या सांध्यात तपकिरी दाण्यांसारखं काहीतरी दाटीने बसलेलं. त्यातला एक दाणा चालायला लागला. मामा खुर्ची तशीच उलटी टाकून दवाखान्याकडे निघाला.

परत आला तेव्हा डॉक्टरीणबाई दुसऱ्या खाटेकडे वळत होत्या. त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगावं, बायकोला कशाला कळायला हवं, असं त्याच्या मनात आलं. पण तेवढाही दम निघेना.

"बाई, थांबा! कुत्रं आहे. दुकानात. त्याच्या खुर्चीवर मी नवं कापड चढवलं आणि हिला आणून दिली. आत गोचिड्या आहेत, आत्ताच बघून आलो."

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी नर्सला हाक मारली. "तपासणीचं उत्तर येईल तेव्हा येईल. हे औषध आत्ताच सुरू करा."

"वाचेल ना हो ती?"

"आज काही सांगता येत नाही, काका. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं."

बायकोने डोळे उघडले होते. कुत्र्यावरून आता आपली सालटी निघणार, हे मामाने गृहीतच धरलं होतं. ती कुत्र्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

"आतला फोम जुनाच होता?" तिने विचारलं. आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"हो."

"गिऱ्हाइकांना नवा घालता ना?"

"हो."

"मग मला का नाही घातलात?"

बायकोने डोळे मिटले, आणि तो तिच्या छातीकडे बघत राहिला, श्वास वरखाली होतोय ना म्हणून. हे तिने उद्या विचारावं, परवा विचारावं, चारचौघांत विचारावं, मरेपर्यंत रोज विचारून आपला जीव नकोसा करावा, एवढंच तो मनात घोकत होता.