लगाम धर म्हणाल्या

"तू असं कर, घोडीचा लगाम धर. वर आमची सई बसेल."

आयर्लंडातल्या क्लोनडॉकिनच्या कम्युनिटी हॉलचं पार्किंग. पाडव्याची सकाळ. मी नऊवारी नेसून, नथ घालून, घोडीवर खोगीर आवळत होते. आणि वहिनी माझ्या कोपराला हात लावून, अगदी मायेच्या आवाजात हे सांगत होत्या.

वहिनी म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षबाई. स्वतः डॉक्टर, नवरा डॉक्टर. सगळं मंडळ त्यांना वहिनीच म्हणतं. सई त्यांची मुलगी. कॉलेजात जाते, पोनी क्लबात घोड्यावर थोडंफार बसायला शिकलेली.

"गैरसमज करून घेऊ नकोस हं. आम्ही जातबीत काही मानत नाही. पण हातात गुढी असते ना, पूजेची. सिनियर लोकांना उगाच वाटायला नको. घोडी तुझीच, मान तुझाच."

मान माझाच. फक्त मी खाली.

मी कोण ते सांगते. मी त्या वर्षीची वेस्टर्न सर्किटची क्वीन. रोडिओ क्वीन. आयर्लंडात कसला आलाय रोडिओ, असं सगळे विचारतात. आहे. अमेरिकेसारखा बैलांवर बसायचा नाही. पिंपांभोवती घोडे पळवतात, दोरीचे खेळ करतात, गावोगावच्या जत्रांमधून सगळा उन्हाळा हे चालतं. आणि प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला क्वीन झेंडा घेऊन रिंगणाला भरधाव फेरी मारते. घोडेस्वारी, भाषण, घोड्याबद्दलचे प्रश्न, सगळ्याची परीक्षा घेऊन तिला निवडतात. मी आयरिश मुलींना मागे टाकून ती फेरी मिळवली होती.

मी मलिंगारला एमएस्सीला होते तेव्हा शेजारी ब्रीडीचा तबेला होता. ब्रीडी साठीची, एकटी, तोंडाची फटकळ. मी शनिवार-रविवार तिच्याकडे लीद उपसायचे, ती मला बसायला शिकवायची. पुढे क्लोनडॉकिनला औषध कंपनीत नोकरी लागली तरी रविवार ब्रीडीचेच राहिले. जीपमागे घोड्याचा ट्रेलर, ट्रेलरमध्ये मॉली घोडी, आणि आम्ही दोघी. आज एनिस, पुढच्या रविवारी आणखी कुठलं तरी चिखलाचं मैदान. जीपमध्येच कपडे बदलायचे. हॅटवर मुकुट बसवायचा, वाऱ्यानं केस उडू नयेत म्हणून डबाभर स्प्रे मारायचा. ब्रेकफास्ट रोल खाताना अंगावरची ‘क्वीन’ लिहिलेली सॅश वर धरायची, सॉस सांडला तर फोटोत दिसतो. लहान मुलांना घोडीवर हात फिरवू द्यायचा. पाऊस तोंडावर आला तरी हसायचं.

अपमान तिथेही झाला. एका जत्रेत निवेदक माइकवरून म्हणाला, "आता आपल्याकडे काउबॉयही आहेत आणि इंडियनही." मैदान हसलं. मी मॉलीला त्याच्या टेबलाच्या एवढ्या जवळून पळवलं की त्याचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला. ब्रीडी म्हणाली, "युअर मॅन, तो गडी, पुन्हा बोलणार नाही." नाहीच बोलला. गोऱ्यांशी कसं वागायचं ते मला कळत होतं.

पण ती सगळी परकी माणसं होती. त्यांच्या टाळ्या कानावर पडायच्या, आत पोचायच्या नाहीत. मला वाटायचं, एकदा तरी आपल्या माणसांनी मला अशी बघावी. म्हणून वहिनींचा फोन आला, "अगं, तू ती क्वीन ना! आमच्या शोभायात्रेत गुढी घेऊन पुढे तूच बसायचंस," तेव्हा मी वेड्यासारखी आनंदले. रात्रंदिवस तेच. मॉलीला ढोलाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून तबेल्यात रोज रेकॉर्डिंग लावायला लागले. ब्रीडीचं डोकं उठलं. आणि मी वडिलांना, अप्पांना, गावाहून बोलावून घेतलं. तिकीट काढून, विमानाला घाबरतात तरी.

अप्पांना का बोलावलं, तेही सांगते. अप्पांच्या लग्नाची वरात आमच्या गावात मारुतीच्या देवळापाशी अडवली होती. पाटलाच्या पोरांनी त्यांना घोड्यावरून ओढून खाली घेतलं. नवरदेव बाशिंग बांधून चिखलातून चालत मांडवात गेला. ही गोष्ट अप्पांनी मला कधीच सांगितली नाही. आईनं सांगितली, तीही एकदाच. मला अप्पांना दाखवायचं होतं, की बघा, तुमची लेक घोड्यावर आहे आणि सगळे तिच्या मागून चालतायत.

सकाळी हॉलमध्ये पूजा होती. यात्रेआधी जी गुढी घेणार तिनं संकल्प सोडायचा, अशी मंडळाची पद्धत. भटजी म्हणजे एक आयटीवाले काका, हौसेनं पूजा सांगतात. ते पळी पुढे करून म्हणाले, "गोत्र?"

मी काही बोलायच्या आत अप्पा मागून बोलले. सरळ माणूस. विचारलं की सांगायचं, एवढंच ठाऊक.

"आमाला गोतर न्हाई जी. आमी बौद्ध हाव."

पळी तशीच थांबली. काका वहिनींकडे बघायला लागले. वहिनी छान हसल्या. "अहो, कश्यप म्हणा. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं कश्यप." सगळे हसले. मला वाटलं संपलं. मी घोडीकडे आले. आणि मागोमाग त्या आल्या, माझ्या कोपराला हात लावायला.

तळपायाची आग मस्तकात गेली. निवेदकाच्या मांडीवर चहा सांडणारी मी, वहिनींपुढे शाळकरी पोरीसारखी उभी. हातातला पट्टा सुटत नव्हता. वहिनी हॉलकडे वळल्या आणि थोड्याच वेळात स्पीकरवरून आवाज आला. वहिनींचाच.

"आपल्या क्वीनचा पाय जरा मुरगळलाय, त्यामुळे यंदा गुढीचा मान सईकडे. टाळ्या!"

टाळ्या झाल्या.

अप्पा माझ्याजवळ आले. "पाय कवा मुरगळला गं?"

"नाही मुरगळला."

त्यांना कळलं. माझ्या आधी कळलं असेल. मग खाली बघत म्हणाले, "धर की दोरी. काय बिघडतंय. चार माणसांत तमाशा नगं."

मला त्या क्षणी वहिनींपेक्षा अप्पांचा राग आला. एवढा समुद्र ओलांडून आलेला माणूस अजून त्या मारुतीच्या देवळापाशीच उभा होता. आणि त्यांना तिथे उभं करून ठेवणाऱ्यांचा राग तर कसा सांगू. ट्रेलर घेऊन आलेल्या ब्रीडीला मी सगळं सांगितलं. ती ट्रेलर उचलून चल म्हणाली. मी म्हटलं, नाही. थांब.

मी वहिनींना म्हटलं, "बरं. धरते लगाम."

त्यांचा चेहरा फुलला. "शहाणी गं ती!"

मिरवणूक निघाली. पुढे मी, लगाम धरून. वर सई, गुढी घेऊन. मागे ढोल, लेझीम, फेटे, फोन. लोक सईचे फोटो काढत होते आणि मला हातानं बाजूला हो म्हणत होते. मी फ्रेममध्ये येत होते. सगळ्यांना हसून बाजूला होत होते. हसायची सवय होतीच.

वेस्टर्न पद्धतीच्या घोड्याला एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. लगाम जमिनीवर टाकला की जागचं हलायचं नाही. गुराख्याला मोकळ्या माळावर घोडा बांधायला झाड कुठून मिळणार, म्हणून ही शिकवण. मॉली त्यात पक्की. बाजूला फटाके वाजले तरी हलत नाही.

गोल चौकाच्या बरोबर मध्यावर मी लगाम सोडला.

मॉली थांबली. मिरवणूक थांबली. ढोल थोडा वेळ वाजले आणि बंद पडले. गार्डाच्या, म्हणजे इथल्या पोलिसाच्या, गाडीनं एक बस अडवून धरली होती, तिचा ड्रायव्हर मान काढून बघायला लागला. फेटेवाला एक जण लगाम उचलायला वाकला, तर मॉलीनं कान मागे टाकले. तो टुणकन मागे. कुणीतरी ब्रीडीला हाक मारली. ती फुटपाथवर हाताची घडी घालून उभी. "शी’ज ग्रँड. लीव्ह हर."

वहिनी धावत आल्या. हातात माइक होता.

"काय झालं?"

"काही नाही. घोडी उभी आहे."

"मग चालव ना! ट्रॅफिक बघ!"

"चालवते. आधी माइकवर सांगा, मी वर का नाही."

"इथे? अगं, लोक काय म्हणतील?"

"इथेच."

वरून सईचा आवाज आला. "ममा, व्हॉट्स गोइंग ऑन? शी हर्ट हर लेग, राइट?"

"माझे दोन्ही पाय धड आहेत," मी तिला इंग्रजीत सांगितलं. "आईला विचार."

"ममा?"

"घरी गेल्यावर सांगते, बेटा."

"नो. टेल मी नाऊ."

बसनं हॉर्न दिला. वहिनींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. नवरा ढोलामागे लपल्यासारखा उभा. माइक तोंडाशी नेला. "थोडासा गैरसमज झालाय..."

"गैरसमज नाही. काय ते सांगा."

आणि बाई बोलल्या. एकदम बारीक आवाजात, पण स्पीकरनं मोठा केला. "तिला... तिला गोत्र नव्हतं. म्हणून पूजेची गुढी... काही लोकांना..."

पुढे वाक्य नव्हतंच. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घेतलं. एकेकाच्या. कुणी फेटा नीट करत होतं, कुणी फोन खिशात घालत होतं. एकही माणूस म्हणाला नाही की हे चूक झालं. मला गंमत वाटली. खरंच वाटली. छातीत गार गार वाटलं. कुणाची फजिती बघून एवढं बरं वाटतं हे मला माहीत नव्हतं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

सई घोडीवरून स्वतःच उतरली. रडत होती. मी हात दिला नाही. तिनं गुढी माझ्यापुढे धरली, "प्लीज, टेक इट."

"मला नको."

मी लगाम उचलला, नऊवारीसकट वर चढले, आणि मॉलीला उलटं वळवलं. ज्या मिरवणुकीच्या पुढे चालत आले होते तिच्या मधोमध घातली. भरधाव नाही. सावकाश. ढोलवाल्यांना ढोल उचलून बाजूला व्हावं लागलं, सिनियर लोकांना गवतात उतरावं लागलं.

अप्पा कडेला उभे होते. हात जोडून. त्या लोकांपुढे. मी वरून म्हटलं, "अप्पा, हात खाली घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात तसेच.

ते मी विसरणार नाही. मंडळाला ते माझ्याकडून परत मिळणार आहे.

नंतर मेसेज आले. समाजात फूट पाडलीस. आयरिश लोकांसमोर लाज घालवलीस. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. वहिनींनी लिहिलं, ये घरी, चहा घेऊ, मनातलं मोकळं बोलू. अप्पा गावाहून फोनवर म्हणतात, "झालं गेलं सोड."

मी सोडणार नाही. मला माफी नको, चहाही नको. पुढच्या पाडव्याला क्लोनडॉकिनच्या त्याच रस्त्यावर मी मॉलीला घेऊन येणार आहे. परवानगीसाठी गार्डांशी बोलून झालंय. मी चौकात पहिली पोचणार, आणि घोडीवर बसूनच राहणार. मंडळाला माझ्या मागून यायचं असेल तर यावं. नसेल तर थांबावं. मी पुढे गेल्याशिवाय तो रस्ता त्यांना मोकळा होणार नाही.