कटाईत गेलेली ओळ

राधामावशींनी पुस्तक उघडलं, मधल्या एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, माझ्या पोरीचं लिहिणं कुठंय?"

मी पाहिलं. समासात शाईची अर्धवट अक्षरं उरल्ती. बाकीची माझ्या हातानं कापली गेल्ती.

परतूरला माझं जिल्दसाजीचं दुकान होतं. निजामाचं राज्य, त्यामुळं काम बहुतेक कचेरीच्या रजिस्टरांचं. पानं शिवायची, शिकंज्यात आवळायची आणि तिन्ही कडा पात्यानं बराबर कापायच्या. याला आम्ही कटाई म्हणतो. माझ्यासारखी कटाई तालुक्यात कुणाची न्हवती, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. रजिस्टराच्या समासात कोण काय लिहितंय? त्याच सवयीनं मावशींनी बांधायला दिलेली कादंबरीही न बघता कापली.

मावशी वाटूरच्या, शेतकरी घरच्या. लेकीनंच त्यांना अक्षरं शिकवल्ती. दोघी मिळून ही एकच कादंबरी वाचायच्या. गोष्टीत मायलेकींची ताटातूट होते, तिथं मावशींना रडू फुटायचं आणि त्या पुस्तक मिटायच्या. सासरी जाताना लेकीनं त्या पानावर आईसाठी एक ओळ लिहून ठेवली. पहिल्याच बाळंतपणात पोर गेली. तिच्या हातचं म्हणून घरात एवढंच राहिल्तं.

काय लिहिल्तं, असं मी विचारलं. मावशींनी पुस्तक मिटून छातीशी धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा मावशी," मी म्हणालो. "ती ओळ तुमच्या हातात दिल्याबिगर मी दुसरं काम हाती घेत न्हाई."

कातरण मी पोत्यात भरून शेजारच्या सखूबाईला द्यायचो. ती कागद भिजवून, मेथी घालून कुटायची आणि त्या लगद्याच्या टोपल्या करायची. तसाच अनवाणी पळालो. सखूबाई पोतं रिकामं करायलाच बसल्ती, पाण्याची घागर शेजारी. तिला कसंबसं समजावलं आणि पोतं उचलून आणलं.

रजिस्टरांचा कागद पांढरा, कादंबरीचा पिवळट. पिवळट पट्ट्या निवडल्या. हातानं लिहिलेली शाई एकाच पट्टीवर होती. तुटलेलं अक्षर अक्षराला भिडवलं, काना कान्याला. मागून पतंगाचा पातळ कागद खळीनं चिकटवला आणि वर वजन ठेवलं. वाळल्यावर ओळ सलग वाचता आली:

'आई, इथं थांबू नको. पुढं दोघी भेटतात.'

मावशींनी त्यावरून बोट फिरवलं. "तिचं ऐकायचं राहूनच गेलं, भाऊ," त्या म्हणाल्या.

मंग मला उमगलं. शिवताना मी पाहिल्तं, अर्धं पुस्तक तेलकट बोटांनी मळलेलं आणि पुढची पानं कोरी करकरीत. मला वाटल्तं, गोष्ट बेचव असेल.

जोडलेली पट्टी बाकीच्या कडेच्या बाहेर डोकावत होती. ती तशीच ठेवली. वर्षभरानं मावशी जिल्दीचा उचकटलेला कोपरा चिकटवून घ्यायला आल्या. मी कोपऱ्याआधी मागची पानं उघडली. तेलाचे ठसे पार शेवटच्या पानापर्यंत गेल्ते.

आयुष्यात हजारो रजिस्टरं सरळ कापली. छाती फुगवून सांगतो ते मात्र या वाकड्या कडेच्या पुस्तकाचं. तेव्हापासून कटाईआधी एकेक पान उलटून बघतो. वेळ जातो. जाऊ द्या.