माजाच्या औषधाची बाटली

संशोधन केंद्राच्या गोठ्यात त्याला सगळे खुंटा म्हणत. गाय कितीही बिथरलेली असो, त्यानं मान धरली की ती बांधून घातल्यासारखी उभी राहायची. यात जादू नव्हती. पाय कुठे रोवायचा, अंगठा कुठे दाबायचा, श्वास कधी सोडायचा, हे शिकायला त्याला सहा वर्षं आणि दोन बरगड्या लागल्या होत्या.

तिथे गाईंच्या माजाचा आणि गाभाचा अभ्यास चाले. चांगली धडधाकट गाय फळते आणि दीड महिन्यात तिचा गाभ पडतो, असं का? रक्तातलं कुठलं हार्मोन कुठल्या दिवशी चढतं, कधी उतरतं, हे पाहायला रोज सकाळी सात वाजता प्रत्येक गाईच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचं. सात म्हणजे सात. गोठ्याच्या प्रमुख, गुरांच्या डॉक्टरबाई, म्हणायच्या, "सव्वासातचं रक्त म्हणजे शिळं उत्तर." खुंट्यानं सत्तावीस वर्षांत शिळं उत्तर दिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गोठ्यात एक जागा निघाली आणि त्यानं आपल्या सुनेला तिथे आणलं. मुलगा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. "घरात बसून आईंची बोलणी खाण्यापेक्षा गाईंच्या लाथा बऱ्या," असं ती सासूच्या तोंडावर म्हणाली आणि आली. हाताला चपळ होती. वर्षभरात ती न बघता सुई लावायला लागली.

सासऱ्याला ती मामा म्हणे.

"मामा, बारा नंबर कालपासून हंबरतेय. शेपटीखाली चिकट तार लोंबतेय."

"मग माजावरच आहे. फळ्यावर लिही. आणि सव्वीस?"

"सव्वीसचा गाभ गेला. गव्हाणीमागं पडलेला मिळाला."

"कितव्या दिवशी?"

"बेचाळिसाव्या. मामा, ही सव्वीस म्हणजे अगदी आपल्या शेजारीणबाई. खाते सगळ्यांत जास्त, आणि रडायलाही पुढे."

सासरा-सुनेनं असं उघड बोलावं याचं बाहेरून येणाऱ्यांना नवल वाटे. त्या दोघांना वाटत नसे. ते काम होतं.

एके दिवशी खुंटा जेवायला बसला होता. बायकोनं दार लोटून घेतलं.

"अहो, तुम्हाला काही माहीत नाही, बरं का."

"काय माहीत नाही?"

"सुनेला दिवस गेलेत. दोन महिने होत आले. चार वर्षांनी कूस उजवतेय. तिसरा भरेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. तुम्हाला कळलंय हे तिलासुद्धा कळू देऊ नका, मेल्याहून मेली होईल."

"आणि गोठा?"

"गोठ्यात तुम्ही आहात ना? का डोळे गाईंपुरतेच दिलेत देवानं?"

खुंट्याला आनंद झालाच. पण त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभी राहिली ती कपाटातली बाटली.

सगळ्या गाई एकाच वेळी माजावर आणायच्या तर त्या बाटलीतलं औषध टोचत. पण गाय गाभण असली तर त्याच औषधानं गाभ पडतो. म्हणून टोचण्याआधी डॉक्टरबाई एकेक गाय स्वतः तपासत. हे औषध नुसत्या कातडीतूनही माणसाच्या अंगात शिरतं. बाटलीवर तसं लिहिलेलं होतं, पण परक्या लिपीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. म्हणून गोठ्याचा नियम असा की बाई माणूस कामाला लागलं की जुन्या माणसानं पहिल्याच दिवशी तिला सांगायचं : दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरबाईंना कळवायचं आणि या बाटलीपासून लांब राहायचं.

सून लागली तेव्हा जुना माणूस खुंटाच होता. त्यानं तिला लाथ कशी चुकवायची ते शिकवलं, सुई कशी टाकायची, शिंगांपुढे कसं वाकायचं नाही, सगळं शिकवलं. ही एक गोष्ट त्यानं गाळली. सुनेला असलं कसं सांगायचं? डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "सांगितलंस ना सगळं?" तो म्हणाला होता, "सांगितलं."

आता तरी सांगायला हवं होतं. सुनेला जमत नव्हतं तर डॉक्टरबाईंना सांगता आलं असतं. त्यानं तिसरीच वाट काढली. काही न बोलता तिच्याकडून औषध टोचण्याचं सगळं काम काढून घेतलं.

"मामा, सिरिंज मी भरते ना."

"नको. तू चारा टाक."

"माझं काही चुकलं का?"

"चारा टाक म्हटलं."

तिनं चारा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती फणकारली, "वर्षभर माझा हात चालला, आता काय कीड लागली त्याला?" खुंट्यानं सिरिंज स्वतःच भरली. मग तिनं ठरवलं, की म्हाताऱ्याला बोट ठेवायला जागाच द्यायची नाही. चारा झाला की गव्हाणी घासायची, गव्हाणी झाल्या की पिंपं, पिंपं झाली की फडकी. कुणी सांगितलेलं नसताना. कष्टाला मागे हटणारी ती नव्हती, आणि तिचं तेच खुंट्याला सर्वांत आवडायचं.

चाळीस गाईंना टोचायचा दिवस आला. खुंट्यानं रबरी हातमोजे चढवले आणि बाटली एप्रनच्या खिशात ठेवली. ती ट्रेमध्ये ठेवायची असते. पण ट्रे धरायला दुसरा माणूस लागतो, आणि दुसऱ्या माणसाला त्यानं चारा टाकायला पाठवलं होतं.

एकोणतिसावी गाय खोड्याच्या अरुंद चौकटीत आडवी वळली. तिच्या पाठीनं त्याला लोखंडी आडव्या दांड्यावर दाबलं. खिशात काच फुटली. पोटापासून गुडघ्यापर्यंत एप्रन ओला झाला.

त्यानं घाई केली नाही. एप्रन सोडला, काचा वेचून डब्यात टाकल्या, एप्रन बादलीत बुडवला. हात कोपरापर्यंत तीनदा साबणानं धुतले. संध्याकाळी आपणच धुऊ, असं मनाशी म्हणून दुसरा एप्रन बांधला, नवी बाटली घेतली आणि राहिलेल्या गाईंकडे गेला. स्वतःपुरतं सगळं शिस्तीत केलं होतं.

चाळिसावी गाय सोडून तो नळावर आला, तर सून उकिडवी बसली होती. बाह्या वर, हात उघडे. एप्रन फरशीवर घासून झाला होता आणि ती तो पिळत होती. पाणी तिच्या मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळत होतं.

खुंट्यानं धावत जाऊन तो तिच्या हातातून हिसकावला.

"कधीपासून धुतेस?"

"झाली पंधरा-वीस मिनिटं. डाग निघत नव्हता."

त्यानं नळ पूर्ण सोडला आणि तिचे दोन्ही हात धारेखाली धरले. साबण लावला. पुन्हा लावला.

"अहो मामा, सोलून काढाल! झालंय काय एवढं?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. डॉक्टरबाई वीस पावलांवर, आपल्या खोलीत होत्या. खुंट्याचं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "काही नाही. औषध सांडलंय त्यावर. हाताला खाज सुटते."

"एवढंच ना? मग ओरडता कशाला?" ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी कुणी नीट बोललं होतं.

दोन दिवस तो तिच्या चालण्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं रक्ताची नळी ट्रेमध्ये ठेवली आणि पोट धरून भिंतीला टेकली.

दवाखान्यातून तिला दोन दिवसांनी घरी आणलं. काही उरलं नव्हतं. मुलाला फोनवर एवढंच सांगितलं, की ती आजारी आहे, ये. तो दूर होता. यायला आणखी दोन दिवस लागणार होते.

खुंटा डॉक्टरबाईंकडे गेला आणि त्यांना सगळं सांगितलं.

"त्यानंच गेलं का, बाई?"

"सांगता येणार नाही. कदाचित एरवीही गेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणींचं जातं." मग त्या म्हणाल्या, "पण मला कळलं असतं तर ती त्या दिवशी गोठ्यात नसती. हे मात्र सांगता येतं."

तो घरी आला तेव्हा बायकोच्या तोंडाचा पट्टा चालू होता. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"जड उचललं असशील. नाहीतर घसरली असशील. तुला सांगत होते, गोठ्यात उड्या मारू नकोस. चार वर्षांनी..."

"तिनं काही उचललं नाही," खुंटा दारातून म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका. हे बायकांचं बोलणं आहे."

"बायकांचं नाही. बाटली माझ्या खिशात फुटली. एप्रन मी बादलीत टाकला. औषध कसलं आहे ते मला माहीत होतं. हिला माहीत नव्हतं, कारण सांगायचं काम माझं होतं."

सून हळूहळू उठून बसली.

"तुम्हाला माहीत होतं? मला दिवस गेलेत ते?"

"हो."

"म्हणून सिरिंज काढून घेतली माझ्याकडून?"

"हो."

"मला वाटलं, माझं काम बिघडलं." तिचा आवाज चढला नाही. "सव्वीस नंबरचा बेचाळिसावा दिवस तुम्ही मला विचारलात, मामा. माझा एक दिवस विचारायला काय झालं होतं? मी लाजले असते. लाजून काही कुणी मरत नाही."

खुंटा दारातून आत आला.

"परवा ते येतील," ती म्हणाली. "मी त्यांना काही सांगणार नाही. आईही सांगणार नाहीत. तुम्ही सांगायचं."

दोन दिवसांनी दुपारी ट्रक कोपऱ्यावर थांबला. मुलगा पिशवी खांद्याला लावून चालत आला. खुंट्यानं त्याला दारातच अडवलं आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं : पहिल्या दिवशी काय गाळलं, कपाट, खिसा, बादली, खाज सुटते म्हणून मारलेली थाप. मधली एकही पायरी सोडली नाही.

मुलगा ऐकत राहिला. पिशवी त्यानं खाली ठेवली नाही. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"जेवली का ती?"

खुंट्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं.